अल्ट्रासाऊंड उपचारात हाडाला इजा होते ती का, आणि ती कशी टाळायची

फिजिओथेरपीत अल्ट्रासाऊंडचा उपचार चालू असताना पेशंट म्हणाला, "वर काही वाटत नाही, पण आत हाडात ठणकतंय," तर हेड, म्हणजे कातडीवर फिरवायचं मशीनचं टोक, त्याच क्षणी उचलायचं. तीव्रता जरा कमी करून बघू, एकच मिनिट तर राहिलंय, असा विचारही करायचा नाही. ही कळ स्नायूची नसते. हाडावर एक पातळ, मज्जातंतूंनी भरलेलं आवरण असतं, पेरिऑस्टियम. ते तापल्याची ही खूण आहे, आणि ती जाणवते तेव्हा तिथलं तापमान इजेच्या फार जवळ गेलेलं असतं.

नीट दिलेल्या उपचारात हाडाला इजा क्वचितच होते. जिथे होते तिथे बहुतेक वेळा कारणं तीच असतात: हेड एका जागी थांबलं, हाडावर मांस पातळ असताना जाड स्नायूचा डोस दिला, मशीन तपासलेलं नव्हतं, किंवा पेशंटला कळ जाणवणारच नाही अशी स्थिती होती. ही चारही कारणं उपचार देणाऱ्याच्या हातातली आहेत.

हाडच का तापतं

अल्ट्रासाऊंडच्या लहरी मऊ ऊतींतून जाताना थोडी थोडी ऊर्जा सोडत जातात. अंदाजापुरतं दर सेंटीमीटर खोलीला, लहरींच्या वारंवारतेच्या दर मेगाहर्ट्झला १ डेसिबल घट धरा. हाडात हे शोषण कित्येक पटींनी जास्त असतं. त्यामुळे स्नायूतून आरामात पुढे गेलेली ऊर्जा हाडापाशी आली की पहिल्या काही मिलीमीटरमध्येच उष्णतेत बदलते.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. मऊ ऊती आणि हाड यांचा ध्वनिरोध, म्हणजे लहरींना होणारा अडथळा, फार वेगळा असल्यामुळे पृष्ठभागावर पोचलेल्या ऊर्जेतली सुमारे एक तृतीयांश ते ४० टक्के ऊर्जा परत फिरते. म्हणजे हाडाला चिकटून असलेल्या ऊतींतून तीच ऊर्जा दोनदा जाते, येताना एकदा आणि परतताना एकदा. दुसरं म्हणजे, लहर हाडावर तिरपी आदळली की तिचा काही भाग आडव्या कंपनांच्या लहरीत बदलतो. अशा लहरी हाडात फार लवकर विरतात आणि त्यांची सगळी उष्णता पेरिऑस्टियमच्या आसपास साठते. आतली ती खोल, कुरतडल्यासारखी कळ येते ती इथून.

परतणारी लहर आणि येणारी लहर एकमेकींत मिसळून स्थिर लहरीही तयार होतात. १ मेगाहर्ट्झला मऊ ऊतींत तरंगलांबी सुमारे १.५ मिलीमीटर असते, म्हणून दर पाऊण मिलीमीटरवर जास्त दाबाचा एक पट्टा उभा राहतो. हेड हलतं असेल तर हे पट्टे सरकत राहतात. ते थांबलं की तेही तिथेच ठाण मांडतात. कोंबडीच्या भ्रूणांवरच्या प्रयोगांत हेड स्थिर ठेवल्यावर रक्तवाहिन्यांतल्या पेशी अशा पट्ट्यांत अडकून रक्तप्रवाह थांबलेला दिसला होता. हेड सतत हलवण्याचा नियम पाळायला हे एक कारणही पुरेसं आहे.

किती तापमान चालतं

उष्णतेचा उपचार म्हणून साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस गाठायचं असतं. इजेचं गणित तापमान आणि वेळ या दोन्हींवर चालतं. ४३ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला तेवढ्याच परिणामाला लागणारा वेळ निम्मा होतो. ४३ अंशांना जो परिणाम व्हायला ६० मिनिटं लागतात तो ४५ ला १५ मिनिटांत, ४७ ला ४ मिनिटांच्या आत आणि ५० ला अर्ध्या मिनिटाच्या आत होतो.

हाडासाठी वेगळा आकडा लक्षात ठेवा. एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशाच्या हाडावर केलेल्या कामातून ४७ अंश, १ मिनिट ही मर्यादा पुढे आली, आणि दातांच्या इम्प्लांटसाठी हाडात ड्रिल करणारे आजही तीच धरून चालतात. उपचाराचं वरचं टोक ४५ आणि हाडाच्या इजेची सुरुवात ४७, मध्ये फक्त २ अंश. चूक पचवायला एवढी कमी जागा असलेला उपचार "सौम्य मशीन आहे, काही होत नाही" असं म्हणत देता येत नाही.

जास्त डोसने हाड बिघडतं हे फार पूर्वीच दिसलं होतं. १९५० च्या दशकात कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत मोठ्या तीव्रतेच्या अल्ट्रासाऊंडने हाडाची आणि हाडातल्या मज्जेची हानी झाल्याची नोंद आहे. तेव्हाचे ते डोस आजच्या दवाखान्यात कोणी मुद्दाम देत नाही. पण मशीनच्या पडद्यावर साधा वाटणारा आकडा प्रत्यक्षात एखाद्या बिंदूवर तितकाच मोठा होऊ शकतो. तो कसा, ते आता पाहू.

पडद्यावरचा आकडा आणि हाडापर्यंत पोचणारा आकडा

मशीनवर १.५ वॅट/चौ.सेंमी दिसतं ती सरासरी असते. हेडखाली ऊर्जा सगळीकडे सारखी पडत नाही, मध्ये कुठेतरी शिखर असतं. शिखर आणि सरासरी यांचं गुणोत्तर हेडवर किंवा मॅन्युअलमध्ये बीएनआर या नावाने छापलेलं असतं. ते ६ असेल तर १.५ सरासरीला शिखरावर ९ वॅट/चौ.सेंमी पडतात. बीएनआर जितका १ च्या जवळ तितकं हेड चांगलं. ५ किंवा ६ पर्यंत चालतं. ८ च्या वर असेल तर ते हेड हाडाजवळ वापरू नका, आणि निवड तुमच्या हातात असेल तर विकतच घेऊ नका.

दुसरा छापलेला आकडा ईआरए, म्हणजे हेडच्या ज्या भागातून खरोखर ऊर्जा बाहेर पडते ते क्षेत्र. ते हेडच्या दिसणाऱ्या तोंडापेक्षा नेहमी लहान असतं. ५ चौ.सेंमीच्या हेडचं ईआरए ४ असू शकतं. उपचाराचं क्षेत्र ईआरएच्या २ पट, फार तर ३ पट ठेवा.

एक हिशेब करून बघा. ईआरए ४, तीव्रता १ वॅट/चौ.सेंमी, वेळ ५ मिनिटं. एकूण शक्ती ४ वॅट, ३०० सेकंदांत ऊर्जा १,२०० ज्यूल. ८ चौ.सेंमीवर हेड फिरवलं तर प्रत्येक चौ.सेंमीला सरासरी १५० ज्यूल मिळतात, पाच मिनिटांत पसरून. आता फोन आला म्हणून हेड १० सेकंद थांबलं आणि बीएनआर ५ आहे असं धरा. शिखराखालच्या बिंदूला त्या १० सेकंदांत ५० ज्यूल मिळाले, म्हणजे पूर्ण उपचाराच्या एक तृतीयांश. आणि रक्ताला ती उष्णता वाहून न्यायला उसंतच मिळाली नाही.

ऊर्जा किती खोल जाते तेही याच अंदाजाने काढता येतं. हाडावर फक्त अर्धा सेंटीमीटर मांस असेल तर १ मेगाहर्ट्झची सुमारे ८९ टक्के ऊर्जा हाडापर्यंत पोचते, ३ मेगाहर्ट्झची सुमारे ७१ टक्के. ३ सेंटीमीटर मांस असेल तर १ मेगाहर्ट्झची ५० टक्के आणि ३ मेगाहर्ट्झची जेमतेम १३ टक्के. म्हणून घोट्यावर किंवा कोपरावर "३ मेगाहर्ट्झ लावलंय, ते वरवरच जातं" असं समजून निर्धास्त होऊ नका. पातळ मांसावर ३ मेगाहर्ट्झ बरं आहे, पण हाडाला ते वाचवत नाही. हाड वाचतं ते तीव्रता कमी ठेवल्याने.

पिंढरीच्या स्नायूत सुया घालून मोजलेले तापमानवाढीचे दर पाठ्यपुस्तकांत असतात: १ मेगाहर्ट्झला १ वॅट/चौ.सेंमीवर मिनिटाला ०.२ अंश, ३ मेगाहर्ट्झला ०.६ अंश. हे दर स्नायूचे आहेत. नडगीवर किंवा मनगटावर तेच धरून वेळ काढू नका. तिथे वाढ याहून वेगाने होते.

मशीनची तयारी

वर्षातून किमान एकदा मशीन कॅलिब्रेट करून घ्या, म्हणजे पडद्यावरचा आकडा प्रत्यक्षाशी जुळतो का ते मोजून घ्या. खूप वापर असेल तर सहा महिन्यांनी. हे काम रेडिएशन फोर्स बॅलन्सवर, म्हणजे लहरींचा जोर मोजणाऱ्या तराजूवर होतं, नुसतं चालू-बंद करून बघण्याला कॅलिब्रेशन म्हणत नाहीत. आयईसी ६१६८९ या मानकानुसार २० टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे मशीन मानकात बसत असतानाही पडद्यावरचे १.० प्रत्यक्षात १.२ असू शकतात. हाडाजवळ काम करताना हा फरक आपल्या बाजूने धरायचा, म्हणजे आकडा मुळातच खाली ठेवायचा.

हेड खाली पडलं तर त्या दिवशी ते बाजूला ठेवा. लहरी तयार करणारा आतला स्फटिक तोंडाच्या धातूला चिकटवलेला असतो. तो जोड तडकला की ऊर्जा एका कोपऱ्यातून जास्त बाहेर पडते आणि बीएनआर बिघडतो. बाहेरून हेड अगदी नवं दिसतं. एका मशीनचं हेड दुसऱ्याला लावू नका, एकाच कंपनीचं असलं तरी. प्रत्येक हेड त्याच्या मशीनशी जुळवलेलं असतं.

रोजच्या तपासणीसाठी पाण्याची जुनी युक्ती चालते. हेड उलटं धरून कडेने चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे वाटी तयार होईल. त्यात २ ते ३ मिलीमीटर पाणी घाला आणि काही सेकंद कमी तीव्रतेवर चालू करा. पाण्यावर लहरी उठल्या पाहिजेत. सगळ्या एकाच बाजूला उठत असतील तर शंका घ्या. यातून हेड चालतंय एवढंच कळतं, किती देतंय ते कळत नाही. कोरडं हेड हवेत चालू ठेवू नका, त्याने स्फटिक तापून खराब होतो.

पेशंटची तयारी

१. ज्या जागी उपचार द्यायचा तिथली संवेदना तपासा. एका परीक्षानळीत गरम, दुसरीत गार पाणी, पेशंटचे डोळे मिटलेले. मग टोकदार आणि बोथट स्पर्श. दोन्हींतला फरक नीट सांगता आला तरच उष्णतेचा डोस द्या. मधुमेह बऱ्याच वर्षांचा असेल तर पायाची तपासणी कधीही चुकवू नका.

२. दुखण्याची गोळी कधी घेतली ते विचारा. जागेवर बधिर करणारी जेल किंवा क्रीम लावली असेल, किंवा इंजेक्शन दिलं असेल तर आज उपचार नाही. आधी बर्फ लावून मग अल्ट्रासाऊंड, असाही क्रम ठेवू नका. बर्फाने कातडी बधिर होते, रक्तप्रवाह कमी होतो आणि दोन्ही रखवालदार एकदमच झोपतात.

३. बोटाने चाचपून हाड कुठे वर आलंय ते पाहा आणि कातडीवर पेनने खूण करा. हेडचा मार्ग या खुणांना वळसा घालून आखा.

४. काय झालं तर सांगायचं ते पेशंटला नेमक्या शब्दांत सांगा. "ऊब वाटली तर ठीक. टोचलं, भाजलं, किंवा आत ठणकलं तर लगेच सांगा, सहन करू नका." शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. बरेच पेशंट, विशेषतः वयस्क मंडळी, दुखणं हा उपचाराचाच भाग समजून गप्प राहतात. काही म्हटलं तर डॉक्टरांना राग येईल असंही काहींना वाटतं. म्हणून प्रत्येक मिनिटाला स्वतःहून विचारा.

उपचार देताना

जेल भरपूर लावा आणि बुडबुडे काढा. केस दाट असतील तर जेल आधी बोटांनी चोळून बसवा. हेड त्वचेवर सपाट टेकवून मगच आउटपुट सुरू करा, आणि, आत ठणकल्याची वेळ सोडून, शेवटी आउटपुट शून्य करून मगच उचला.

हेड सेकंदाला साधारण ४ सेंटीमीटर वेगाने फिरवा, लहान वर्तुळं किंवा पुढे-मागे, प्रत्येक फेरी आधीच्या निम्म्या भागावरून. याहून फार वेगाने फिरवलं तर संपर्क तुटतो. संथ झालं तर ठिपके तापतात. दाब फक्त संपर्क टिकण्यापुरता. मशीनने संपर्क तुटल्याची शिटी दिली की हात आपोआप जोर लावतो. हीच सवय हाडाला महागात पडते, कारण जोराने दाबलं की हाडावरचं मांस आणखी पातळ होतं आणि उष्णता वाहून नेणारं रक्तही तिथून पिळून निघतं. शिटी वाजली तर जेल वाढवा, हेड लहान घ्या.

कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर ५ चौ.सेंमीचं हेड कधीच नीट बसत नाही. अर्धं हवेत राहतं, अर्ध्यातून ऊर्जा थेट हाडावर जाते. अशा ठिकाणी १ चौ.सेंमीच्या आसपासचं लहान हेड घ्या, नाहीतर मध्ये १ ते २ सेंटीमीटर जाडीचा जेल पॅड ठेवा. बोटं, घोटा, पायाची टाच यांसाठी पाण्यातला उपचारही चालतो. प्लास्टिकचं भांडं, उकळून गार केलेलं पाणी, हेड त्वचेपासून अर्धा ते एक सेंटीमीटरवर, आणि कातडीवर जमणारे बुडबुडे अधूनमधून पुसून टाकायचे. धातूचं भांडं नको, ते लहरी परत फेकतं. पाण्यात थोडी ऊर्जा वाया जाते म्हणून तीव्रता वाढवा असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. बोटांच्या आणि पंजाच्या हाडांवर तो पाळू नये. तिथे मांसच नाही, वाढवलेली ऊर्जा सरळ हाडात जाईल.

कोणता डोस? मांडी, पिंढरी, कमरेचे जाड स्नायू यांसाठी १ मेगाहर्ट्झ, सलग, १ ते १.५ वॅट/चौ.सेंमी, ८ ते १० मिनिटं हा नेहमीचा पट्टा ठीक आहे. हाडावर मांस १ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर ३ मेगाहर्ट्झ, २० टक्के पल्स (लहर तुटक, वेळेच्या २० टक्केच चालू), ०.१ ते ०.५ वॅट/चौ.सेंमी, ३ ते ५ मिनिटं. तिथे सलग लहर द्यायचीच असेल तर ०.५ च्या वर जाऊ नका आणि पहिल्या बैठकीला ३ मिनिटांत थांबा. पल्स मोडमध्ये पडद्यावरचा आकडा पल्स चालू असतानाचा आहे की सरासरी, ते मॅन्युअलमध्ये एकदा वाचून ठेवा. १ वॅट/चौ.सेंमी २० टक्क्यांना म्हणजे सरासरी ०.२. काही मशीन पहिला आकडा दाखवतात, काही दुसरा, आणि गोंधळ झाला की डोस पाचपट चुकतो.

विशेष जपायच्या जागा: कोपराचे दोन्ही उंचवटे, मनगटाच्या करंगळीकडचा हाडाचा गोळा, खांद्याच्या वरचं टोक, कॉलरबोन, मणक्यांची मागे जाणवणारी टोकं, कमरेच्या हाडाची कड, मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा, गुडघ्याची वाटी, नडगीची पुढची धार, दोन्ही घोटे, टाच. यांच्या बाजूने फिरवा, थेट वर नको.

चूक नेमकी कुठे होते

सगळ्यात फसवी चूक औषधी क्रीमची. जाड, पांढऱ्या क्रीममधून अल्ट्रासाऊंड नीट जात नाही. पेशंटला ऊब लागत नाही म्हणून तीव्रता वाढवली जाते. मग क्रीम विरघळते किंवा हेड पातळ थरावर सरकतं, आणि तीच वाढवलेली तीव्रता अचानक पूर्ण आत जाते. त्या क्रीममध्ये बधिर करणारं औषध असेल तर पेशंटला कळणारही नाही. क्रीम वापरायचीच असेल तर आधी ती चोळून जिरवा, उरलेली पुसा आणि नेहमीच्या जेलवर काम करा.

दुसरी चूक प्रगती दिसत नाही म्हणून डोस वाढवण्याची. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात वेदनेसाठी अल्ट्रासाऊंड खोट्या उपचाराहून सरस असल्याचा पुरावा फारच थोडा सापडला होता. जो उपचार मुळात मर्यादित फायद्याचा आहे त्याचा डोस हाडाजवळ वाढवत नेणं समर्थनीय नाही. चार-सहा बैठकींत फरक पडला नाही तर निदान पुन्हा तपासा.

तिसरी चूक लपलेल्या फ्रॅक्चरची. धावणाऱ्याच्या नडगीत किंवा पंजात बारीक ताण-फ्रॅक्चर असेल तर तिथे अल्ट्रासाऊंड लावताच कळ उठते. पूर्वी ही कळ निदानाची चाचणी म्हणूनही वापरत. चाचणी म्हणून ती भरवशाची नाही, पण इशारा म्हणून ती पाळायलाच हवी.

कोणाला द्यायचं नाही

गाठीवर किंवा कर्करोगाच्या जागी, हाडातल्या संसर्गावर, क्षयावर, गर्भार बाईच्या पोटावर आणि कमरेवर, शिरेत गुठळी असलेल्या पायावर, मणक्याचं हाड काढून मज्जारज्जू उघडा पडलाय अशा जागी, आणि रक्तपुरवठा फार कमी असलेल्या भागावर नाही. जिथे रेडिएशन दिलंय तिथेही नाही.

वाढीच्या वयात हाडांच्या टोकांना वाढीच्या पट्ट्या असतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मोठ्या डोसने त्या बिघडलेल्या दिसल्या आहेत, म्हणून मुलांच्या सांध्यांवर उष्णतेचा डोस नको. बहुतेक पट्ट्या मुलींमध्ये साधारण १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ व्या वर्षांपर्यंत बंद होतात. कॉलरबोनच्या आतल्या टोकाची मात्र विशीतही उघडी असते.

कृत्रिम सांध्यातलं हाडाचं सिमेंट आणि प्लास्टिकचे भाग उष्णता धरून ठेवतात, त्यांच्यावर नको. धातूची पट्टी किंवा खिळा उष्णता लवकर पसरवतो, त्यामुळे धातू असल्याने सरसकट बंदी नाही. पण कातडीखालीच पट्टी लागत असेल तर बहुतेक ऊर्जा तिच्यावरून परत फिरते आणि मधल्या पातळ थराला दुप्पट त्रास होतो. तिथेही टाळा.

फ्रॅक्चर जुळवणारा अल्ट्रासाऊंड आणि केंद्रित अल्ट्रासाऊंड

"अल्ट्रासाऊंडने तर हाड जुळतं," असं पेशंट म्हणतो तेव्हा तो वेगळ्या यंत्राबद्दल बोलत असतो. त्यात १.५ मेगाहर्ट्झ, २०० मायक्रोसेकंदांचे पल्स, सरासरी ३० मिलिवॅट/चौ.सेंमी, रोज २० मिनिटं असा डोस असतो. नेहमीच्या मशीनच्या १ वॅटच्या तुलनेत ही ऊर्जा तिसाव्या भागाहूनही कमी. अमेरिकेत त्याला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. पण २०१६ मध्ये नडगीच्या फ्रॅक्चरवरच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही, आणि २०१७ मध्ये ते वापरू नये अशी जोरदार शिफारस झाली. त्याच्या नावावर ताज्या फ्रॅक्चरवर नेहमीचं फिजिओथेरपीचं हेड फिरवणं पूर्णपणे चूक आहे.

केंद्रित अल्ट्रासाऊंडचं प्रकरण आणखी निराळं. त्यात एका बिंदूवर ऊती जाळायच्याच असतात, तीव्रता हजारो वॅट/चौ.सेंमीपर्यंत जाते. गर्भाशयातल्या फायब्रॉइडवर तो देताना मागे माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी तापू शकतं, आणि त्याला लागून असलेल्या नसांमुळे पायात कळ जाते. यकृतावर देताना बरगड्या वाटेत येतात. हाडातल्या कर्करोगाच्या वेदनेसाठी तो दिल्यावर पुढे हाड मोडल्याचीही नोंद आहे. एमआरआयखाली हा उपचार होतो तेव्हा पेशंटच्या हातात थांबवण्याचं बटण असतं. पायात, कमरेत कळ गेली की ते दाबायचं, आणि हे उपचाराआधीच पेशंटला पक्कं समजावून द्यायचं. निदानासाठीच्या सोनोग्राफीशी यातल्या कशाचीच गल्लत करू नका. तिथे ऊर्जा फार कमी असते आणि हाडासाठीचा उष्णता निर्देशांक पडद्यावर दिसत राहतो.

इजा झाल्याची शंका आली तर

थांबा. जागेवर खूण करा आणि त्याच वेळी लिहून ठेवा: वारंवारता, तीव्रता, सलग की पल्स, वेळ, हेडचं ईआरए आणि बीएनआर, मशीनचा क्रमांक, शेवटचं कॅलिब्रेशन, कळ कोणत्या मिनिटाला आली, कशी होती. नंतर आठवून लिहिलेल्या नोंदीत आकडे नकळत गोड होतात. मशीन तपासून होईपर्यंत दुसऱ्या कोणाला लावू नका.

कातडी भाजली असेल तर २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. कातडी ठीक आहे पण आत ठणका आहे, तर त्या भागाला आराम द्या, पाय असेल तर भार कमी करा. संवेदना चांगली असेल तर कापडात गुंडाळलेला गार पॅक १० ते १५ मिनिटं. शेक, मालीश, आणि "काल जास्त झालं, आज कमी देऊ" असा अल्ट्रासाऊंड, तिन्ही बंद.

साधी चीड असेल तर ती एक-दोन दिवसांत ओसरते. ४८ तासांनंतरही ठणका असेल, रात्री झोपमोड होत असेल, हाडाच्या एकाच बिंदूवर बोट ठेवताच कळ येत असेल, सूज वाढत असेल किंवा भार टाकता येत नसेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा, तुमची नोंद सोबत द्या. सुरुवातीचा एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो. पेरिऑस्टियमची प्रतिक्रिया त्यावर दिसायला १० ते १४ दिवस लागतात. मज्जेतली सूज एमआरआयवर लवकर दिसते, पण त्यासाठी चरबीचा उजेड दाबून पाणी दाखवणाऱ्या सिक्वेन्स लागतात. एमआरआयच्या चिठ्ठीवर "अल्ट्रासाऊंड उपचारानंतर हाडात वेदना" असं स्पष्ट लिहा, नाहीतर रिपोर्टमध्ये नुसती "मज्जेची सूज" येते आणि कारण हरवतं.

सूज दिसली म्हणजे ती अल्ट्रासाऊंडनेच झाली असंही लगेच ठरवू नका. ताण-फ्रॅक्चर, संसर्ग आणि गाठ, तिघांचंही चित्र सुरुवातीला असंच असू शकतं. मज्जेची सूज उतरायला बहुधा महिने लागतात. तोवर धावणं, उड्या, वजन उचलणं डॉक्टर सांगतील तेव्हाच.

घरी छोटं मशीन असेल तर

घरगुती मशीनवर ईआरए आणि बीएनआर बऱ्याचदा छापलेलेच नसतात. नसतील तर ते हाडाच्या जवळ लावू नका, फक्त जाड स्नायूवर, कमीत कमी पायरीवर, ५ मिनिटांपर्यंत. हातात धरून टीव्ही बघत बसू नका, हात नकळत थांबतो. झोपून, पट्ट्याने बांधून, मुलांवर किंवा बधिर पायावर कधीही नाही. आणि दवाखान्यात उपचार घेताना आत ठणकलं तर समोरच्याला मोठ्याने सांगा, "थांबवा." कोणी "थोडं सहन करा" म्हणालं तर पाय किंवा हात स्वतःच बाजूला घ्या.